गाईडच्या ‘बघू’नंतर काय करायचं?

या महिन्यात आलेल्या पत्रांत एकही प्रश्न प्रयोगाबद्दलचा नाही. प्रयोग तुम्हा सगळ्यांना येतो. अडतं ते त्याच्या आजूबाजूला: गाईडच्या खोलीत, सभागृहात, नकाराचा ईमेल उघडताना. पेशीजीवशास्त्रात मी ३१ वर्षं काढली आणि त्यातली सुरुवातीची बरीच वर्षं मला याच गोष्टींनी छळलं. म्हणून निवडक पत्रांना जरा सविस्तर उत्तरं देते आहे.

मॅडम, माझं पीएचडीचं तिसरं वर्ष चालू आहे. गाईड माणूस म्हणून चांगले आहेत, पण त्यांना वेळ नसतो. तीन आठवड्यांनी कशीबशी वीस मिनिटं मिळतात. मी सगळं सांगते, ते मान हलवतात आणि शेवटी म्हणतात, ‘बघू’. पुढच्या भेटीला त्यांना मागचं काही आठवत नसतं. भांडू का? की गाईड बदलू?

भांडू नकोस, आणि इतक्यात बदलूही नकोस. आधी मला सांग, त्या वीस मिनिटांत त्यांनी कोणता निर्णय घ्यावा असं तुला वाटत होतं? तुझं पत्र मी दोनदा वाचलं. ‘सगळं सांगते’ असं तू लिहिलंस, काय मागतेस ते कुठेच नाही. ज्याच्या डोक्यात आठ विद्यार्थ्यांचे प्रकल्प आणि एक अर्धवट लिहिलेला निधीचा अर्ज आहे, त्याला ‘सगळं’ सांगितलं की तोंडून ‘बघू’च निघतं.

तुझ्याएवढी असताना मी यीस्टच्या एका प्रथिनाला हिरवं चमकणारं प्रथिन जोडत होते, म्हणजे ते पेशीत कुठे बसतं ते सूक्ष्मदर्शकाखाली दिसावं. चमक कधी सगळ्या पेशीभर पसरलेली दिसे, कधी दिसतच नसे. सात महिने मी एकटी झगडत राहिले. गाईडनी विचारलं की ‘चालू आहे’ म्हणायचे. त्यांनाही वाटायचं, चालू आहे. मग एक दिवस शेजारच्या लॅबमधला सीनियर पिपेट मागायला आला. माझ्या टेबलावर भिंतीला जोडणीचा नकाशा लावलेला होता. तो दोन मिनिटं त्याच्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, “हे शेवटच्या टोकाला का जोडलंस? हे प्रथिन त्याच टोकाने पेशीतल्या पडद्यात रुततं ना?” यीस्टमध्ये शेवटच्या टोकाला जोडणं सोपं, सगळे तसंच करतात, म्हणून मीही केलं होतं. नेमकं तेच टोक मी झाकून टाकलं होतं. जोडणी पुढच्या टोकाला नेली आणि पेशीत चमकदार कडं दिसलं. सात महिन्यांत माझी मेहनत कुठे कमी पडली नव्हती. तो नकाशा दुसऱ्या कुणाच्या डोळ्यांसमोर मी धरलाच नव्हता.

तेव्हापासून मी दर भेटीआधी एक पान लिहू लागले, आणि पुढे माझ्या विद्यार्थ्यांकडूनही लिहून घेतलं. ते भेटीच्या आदल्या दिवशी पाठवायचं. सगळ्यात वर प्रकल्पाचा प्रश्न, एका वाक्यात. दर वेळी तोच लिहायचा, कारण ते विसरलेले असतात आणि त्यात त्यांचा अपमान करण्यासारखं काही नाही. खाली मागच्या भेटीत काय ठरलं होतं आणि त्यातलं किती झालं. मग एकच आलेख, अक्षांवर एककं लिहिलेला. शेवटी ‘तुमच्याकडून हवं आहे’ अशी ओळ. तिथे ‘पुढे काय करू?’ असं लिहू नकोस. असं लिही: ‘नमुना ४ पुन्हा करायला दोन आठवडे लागतील. त्याऐवजी नमुना ७ पुढे न्यावा असं मला वाटतं, कारण त्यात तिन्ही वेळा निकाल सारखा आला. चालेल का?’ याला ‘बघू’ म्हणणं अवघड जातं. तरी म्हटलंच, तर तिथेच विचार, “सर, कशावर ठरवायचं?”

भेट संपली की त्याच दिवशी तीन ओळींचा ईमेल: काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. ‘माझ्या समजण्यात चूक असेल तर कळवा’ हे वाक्य शेवटी असू दे. वर्षभरात अशी पंधरा-सोळा पानं जमतात आणि प्रबंध लिहायला बसशील तेव्हा अर्धं काम झालेलं असतं. विजेवर मूलभूत काम करणारा शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे, त्याला स्मरणशक्ती दगा द्यायची आणि हे तो ओळखून होता. १८३२ पासून त्याने प्रयोगवहीतल्या परिच्छेदांना सलग क्रमांक द्यायला सुरुवात केली, ते १८६० पर्यंत १६ हजारांच्या पुढे गेले. मागचा निकाल आठवत नसला तरी क्रमांकावरून सापडायचा. तुझ्या गाईडना आठवत नाही ना, मग तू त्यांना क्रमांक दे.

मात्र गाईड चारचौघांत पाणउतारा करत असतील, आकडे ‘जरा नीट’ करायला सांगत असतील, तर तो विषय वेगळा. तिथे ही युक्ती चालवत बसायचं नाही. पानं आणि ईमेल घेऊन सरळ पीएचडीच्या सल्लागार समितीतल्या एखाद्या विश्वासाच्या सदस्याकडे जायचं.

मी जीवशास्त्राचा विद्यार्थी आहे. कोडिंग शिकणं खरंच गरजेचं आहे का? एक्सेलमध्ये माझं सगळं होतं.

शिक. एक्सेलने काही जनुकांची नावं गपचूप तारखा करून टाकली. ‘मार्च १’ हे जनुक म्हणजे १ मार्च, ‘सेप्ट २’ म्हणजे २ सप्टेंबर. त्या चुका शेकडो छापील पेपरांच्या पुरवणी तक्त्यांत सापडल्या, आणि अखेर २०२० मध्ये मानवी जनुकांना नावं देणाऱ्या समितीने जनुकांचीच नावं बदलल्याचं जाहीर केलं. प्रोग्रॅममध्येही चूक होते, पण कोणत्या ओळीत झाली ते दुसऱ्याला वाचता येतं. माउसने केलेल्या क्लिकचा माग राहत नाही. पायथन किंवा आर या प्रोग्रॅमिंगच्या भाषांपैकी एक निवड, आणि या महिन्यातला तुझाच एक आलेख त्यात काढून बघ. कोर्स नंतर लाव.

मॅडम, सगळे सांगतात ‘नेटवर्किंग कर’. परिषदेत मोठ्या शास्त्रज्ञांभोवती घोळका असतो, त्यात घुसून स्वतःची ओळख करून देणं मला लाचारीसारखं वाटतं. माझा स्वभाव मुळात अबोल आहे. माझ्यासारखीने काय करावं?

घोळक्यात घुसू नका. मीही कधी घुसले नाही. ‘मी अमुक, मला तुमचं काम फार आवडतं’ म्हटल्यावर समोरचा ‘धन्यवाद’ म्हणतो आणि संवाद तिथेच संपतो. तुम्हाला जो संकोच वाटतो तो मोकळ्या हाताने गेल्याचा आहे. हातात प्रश्न असला की अबोल माणूसही बोलतो.

कॅटालिन कारिको आणि ड्र्यू वाइसमन या दोन शास्त्रज्ञांची ओळख १९९० च्या दशकाच्या अखेरीला विद्यापीठातल्या झेरॉक्स मशीनपाशी झाली. दोघंही तिथे पेपरांच्या प्रती काढायला यायचे. ती आरएनए, म्हणजे पेशीला प्रथिन बनवण्याचा निरोप देणारा रेणू, बनवत होती, त्याला एचआयव्हीची लस बनवायची होती. त्या बोलण्यातून काम सुरू झालं. आरएनएच्या घटकांत थोडा बदल केला की शरीराची दाहक प्रतिक्रिया टळते, हा त्यांचा पेपर २००५ मध्ये आला. त्याच कामासाठी २०२३ चं नोबेल दोघांना मिळालं. त्या मशीनपाशी दोघांनीही आपण कशात गुंतलो आहोत एवढंच एकमेकांना सांगितलं. यात लाचारी कुठे आली?

तुम्हाला बोलण्यापेक्षा लिहिणं जवळचं वाटत असेल तर लिहा. अनोळखी शास्त्रज्ञाला पाठवायचा ईमेल एवढाच असावा:

‘तुमच्या गेल्या वर्षीच्या पेपरमधल्या तिसऱ्या आकृतीत पेशी ३७ अंशांवर ठेवल्यावर चमक दुप्पट होते. आम्ही ३० अंशांवर काम करतो आणि आमच्याकडे ती कमी होते. वाढीचं माध्यम वेगळं असल्यामुळे असं होत असेल का? आमचा आलेख सोबत जोडला आहे. दोन ओळींचं उत्तरही मला पुरेल.’

यात स्तुती नाही, तरी समोरच्याला कळतं की तुम्ही आकृतीपर्यंत वाचलं आहे. शास्त्रज्ञाला याहून मोठी दाद नसते. उत्तर आलं नाही तर दहा-बारा दिवसांनी एकदा आठवण करा, मग सोडून द्या. आणि उत्तर आलं तर प्रयोग झाल्यावर निकाल कळवायला विसरू नका. बहुतेक जण इथेच चुकतात. सल्ला घेतात आणि गप्प होतात. निकाल कळवलात की पुढच्या परिषदेत तोच माणूस घोळक्यातून मान वर करून तुम्हाला हाक मारेल. हे माझ्या बाबतीत घडलेलं आहे आणि पुढची पोस्टडॉकची, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाची, जागा मला त्यातूनच मिळाली.

पोस्टडॉक म्हणून रुजू झाल्यावर पहिला सेमिनार दिला. चाळीस मिनिटं बोललो, एकही अडखळ नाही. शेवटी एकानेही प्रश्न विचारला नाही. याचा अर्थ काय घ्यायचा?

ते वाटेत कुठेतरी मागे राहिले, आणि बहुधा तिसऱ्या-चौथ्या मिनिटालाच. तुम्ही सोबत स्लाइड पाठवल्यात ते बरं केलं. दुसऱ्या स्लाइडवर सहा आलेख आहेत आणि वर शीर्षक आहे, ‘निकाल’. त्या सहांपैकी तुम्ही बोलणार होतात एकावर. तो एकटा ठेवा, भिंतीएवढा करा. शीर्षकाच्या जागी वाक्य लिहा: ‘उपाशी पेशींत हे प्रथिन केंद्रकातून बाहेर येतं.’ आलेख आला की आधी अक्ष वाचून दाखवा: आडवा म्हणजे वेळ, तासांत, उभा म्हणजे चमक. तुम्ही तो आलेख दोनशे वेळा पाहिला आहे, समोरचे पहिल्यांदा पाहताहेत. ते दहा सेकंद त्यांचे आहेत, त्यांना द्या.

सराव आपल्या लॅबमधल्यांसमोर करू नका, त्यांना सगळं आधीच ठाऊक असतं. दुसऱ्या विषयातल्या एकाला बसवा आणि शेवटी विचारा, “मी काय शोधलं, तुझ्या शब्दांत सांग.” तो जे सांगेल तेच सभागृहाला कळलेलं असतं. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड विद्यापीठाने २००८ मध्ये तीन मिनिटांत, एकाच स्लाइडवर प्रबंध सांगण्याची स्पर्धा सुरू केली, ती आता जगभर होते. जवळपास कुठे असेल तर नाव द्या. जिंकण्याचं राहू द्या, सदतीस मिनिटं काढून टाकताना काय उरतं ते बघण्यासाठी द्या.

वर ज्याची वही सांगितली तो फॅरडे १८१३ मध्ये नुकताच प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून लागला होता, वय २१. तेव्हा तो मित्राला पत्रांतून व्याख्यान कसं असावं ते लिहीत होता: वक्त्याने कसं उभं राहावं, किती वेळ बोलावं. पुढे त्याने वक्तृत्वाचे धडेही घेतले. ही कला उपजत असते असं मानून जे गप्प बसतात, त्यांना मी त्याचं उदाहरण नेहमी देते.

माझा पहिला पेपर नाकारला गेला. पेपर तपासणाऱ्या एका रिव्ह्यूअरने तर चक्क ‘कंट्रोल नाही’ असं लिहिलंय, कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीचा प्रयोग, पुरवणीत दिलेला असताना! दोन आठवडे झाले, फाइल उघडवत नाही.

आज उघड. राग येणं साहजिक आहे, मलाही आला होता, अगदी याच कारणाने. मी तावातावाने उत्तर लिहिलं: ‘कंट्रोल पुरवणीतल्या चौथ्या आकृतीत आहे.’ पाठवायच्या आधी लॅबमधल्या सहकाऱ्याला दाखवलं. तो म्हणाला, “अगं, मलाही दिसला नव्हता.” रोज माझ्या शेजारी बसणाऱ्याला जो दिसला नाही, तो रिव्ह्यूअरला कसा दिसणार? कंट्रोल पहिल्या आकृतीत आणला, उत्तरात नम्रपणे तसं लिहिलं, आणि तो मुद्दा पुन्हा निघाला नाही.

एक तक्ता कर. डावीकडे प्रत्येक शेरा जसाच्या तसा उतरव, एकही गाळू नकोस. मधे तुझं उत्तर. उजवीकडे बदल कोणत्या पानावर, कोणत्या ओळीत केला. काही शेरे मान्य करण्यासारखे असतील, काहींना नवा प्रयोग लागेल, एखाददुसरा खरोखर चुकीचा असेल. त्या शेवटच्या प्रकाराला पुराव्याने उत्तर दे, विशेषणांनी नको. दुसऱ्या जर्नलकडे जाणार असलीस तरी हा तक्ता आधी कर, कारण तोच रिव्ह्यूअर तिथेही भेटू शकतो.

काय सोडायचं आणि काय धरून ठेवायचं, हे रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन या संशोधकांकडून शिकण्यासारखं आहे. इन्सुलिन टोचून घेणाऱ्यांच्या रक्तात इन्सुलिनविरुद्ध अँटिबॉडी तयार होतात, हे त्यांनी दाखवलं. १९५५ मध्ये तो पेपर नाकारला गेला. एवढ्या लहान रेणूविरुद्ध अँटिबॉडी होणं तेव्हा कुणाला पटत नव्हतं. दोघांनी शीर्षकातून ‘अँटिबॉडी’ हा शब्द काढला आणि आतला पुरावा होता तसा ठेवला. १९५६ मध्ये पेपर छापून आला. त्याच कामातून रक्तातले अतिसूक्ष्म हॉर्मोन मोजण्याची पद्धत निघाली. १९७७ मध्ये यॅलोंना नोबेल मिळालं, बर्सन त्याआधी पाच वर्षं वारले होते. नोबेल व्याख्यानात यॅलोंनी ते नकाराचं पत्र दाखवलं. शब्दावरून अडून बसल्या असत्या तर पुरावा कपाटातच राहिला असता.

दोन वर्षं प्रयोग मी केले, आता पेपरवर माझं नाव तिसरं. तक्रार केली तर संबंध बिघडतील. गप्प राहावं का?

गप्प राहू नका, पण तक्रारीने सुरुवातही करू नका. लेखकांच्या योगदानाची क्रेडिट नावाची १४ भूमिकांची यादी आहे: कल्पना, पद्धत, प्रत्यक्ष प्रयोग, विश्लेषण, सॉफ्टवेअर, पहिला मसुदा, निधी वगैरे. अनेक जर्नलं ती भरून मागतात. कोरी यादी गाईडकडे घेऊन जा आणि म्हणा, “ही आपण सगळ्यांनी मिळून भरूया का?” क्रमाचा वाद नावांवरून सुटत नाही, भूमिका समोर आल्या की पुष्कळदा सुटतो. कदाचित असंही दिसेल की पहिला मसुदा आणि विश्लेषण दुसऱ्याचं आहे आणि तिसरं नाव रास्त आहे. तेही कळलेलं बरं. पुढच्या प्रकल्पात मात्र पहिला नमुना घेण्याआधीच हे बोलून घ्या, आणि ठरलेलं ईमेलने लिहून ठेवा.

पीएचडी संपत आली. मला प्राध्यापक व्हायचं नाही, कंपनीत जायचं आहे. मित्र म्हणतात, मैदान सोडून चाललास. शिवाय माझ्या बायोडेटात पाच वर्षांत एकच पेपर आहे, दाखवायला आहे काय माझ्याकडे?

मैदान कुणाचं? औषध कंपनीत, उपकरणं बनवणाऱ्या कंपनीत, पेटंट कार्यालयात, विज्ञान संपादनात माझे विद्यार्थी आहेत. त्यांतल्या एकीने केलेल्या चाचणीमुळे आज रुग्णांचं निदान लवकर होतं. तिने काही सोडलं असं मला एक क्षणभरही वाटत नाही.

आता बायोडेटा. तू लिहिलं आहेस, ‘यीस्टमधल्या प्रथिनांच्या स्थाननिश्चितीचा अभ्यास, पाच वर्षं’. पत्राच्या शेवटी मात्र जाता जाता म्हणतोस, सूक्ष्मदर्शकाच्या प्रतिमा मोजायला एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता, सगळे तोच वापरतात. अरे, हे तळाला कशाला? वर घे: ‘पेशींच्या प्रतिमा आपोआप मोजणारा प्रोग्रॅम लिहिला. हाताने तीन दिवस लागायचे ते काम चाळीस मिनिटांत होतं. लॅबमधले पाच जण वापरतात.’ वेळ आणि माणसं तुझ्या खऱ्या आकड्यांनी भर, फुगवू नकोस, मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच येईल. मग वही घेऊन बस आणि अशा आणखी गोष्टी शोध. नव्या मुलांना कुणी शिकवलं? बिघडलेलं यंत्र कुणी सुरू करून घेतलं? प्रयोगाची कृती लिहून भिंतीवर कुणी लावली, जिच्यावरून तू नसतानाही काम चालतं?

गाईडना कसं सांगू, असंही विचारलं आहेस. प्रबंध जमा करायच्या सहा महिने आधी सांग, मुलाखतीची तारीख आल्यावर नको. तोवर तुझ्या प्रोग्रॅमला वापरण्याच्या सूचना लिहून काढ, फ्रीजरमधल्या खोक्यांची यादी कर, आणि ते दोन कागद घेऊन त्यांच्या खोलीत जा.